कूलरच्या मागची जागा

धुळ्यात एप्रिल-मेमध्ये कुणाच्याही घरी जा, माणसं कूलरच्या पुढे बसलेली दिसतील. जावई आलेला असला तर अगदी समोरची जागा त्याची, मग म्हातारे, मग पोरंसोरं. मागे कुणी बसत नाही. मागे पत्रा थरथरतो आणि वाळ्यातून गळणाऱ्या पाण्याचा चिखल होतो. तोताराम आबा मात्र कायम कूलरच्या मागे बसायचे. आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांतले कूलर त्यांनीच बनवलेले होते.

पांझरेच्या पुलाअलीकडे एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे कडुलिंब, आणि शेडमध्ये छतापर्यंत रचलेले कूलरचे सांगाडे. बोळात वाळ्याचा वास आणि हातोडीचा आवाज, दोन्ही सकाळपासून. तयार झालेला एखादा कूलर चालू करून आबा त्याच्या पाठीशी लोखंडी खुर्ची टाकत आणि झळा खात बसत. गिऱ्हाईक म्हणायचं, "आबा, पुढे या ना, गार लागेल." आबा म्हणत, "पुढलं तुमचं. मी हिच्या पाठमांगे बरा."

कारण साधं होतं. त्यांना दमा होता. ओली हवा छातीत गेली की धाप लागायची. गावाला गारवा पुरवणाऱ्या माणसाला स्वतःला तो सोसत नव्हता. मला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आबा उखडले. "वाईट कसाले वाटस? मालक आहे मी. मालकानं मागून लक्ष ठेवायचं असतं." नम्रपणा या माणसात नावालाही नव्हता. प्रत्येक कूलरच्या पत्र्यावर खिळ्याने 'तोताराम, धुळे' असं कोरल्याशिवाय ते माल बाहेर सोडत नसत, आणि कुणी भाव पाडून मागितला तर म्हणत, "नाव खरवडून देतो, मग घे स्वस्तात."

आमची पहिली भेट भांडणाची झाली. मी तेव्हा जळगावचं कॉलेज संपवून आमच्या संघटनेच्या पूर्ण वेळ कामाला लागले होते. साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांसाठी आम्ही रस्ता आणि रुग्णवाहिका मागत होतो. मागत होतो हा शब्दही मला आवडत नाही. आमच्या हक्काचं होतं ते. पत्रकं मी लिहायची, चाळीसगावच्या एका छापखान्यात ती स्वस्तात छापून घ्यायची आणि धुळ्यात दुकानोदुकानी वाटायची. आबांच्या हातात एक दिलं. त्यांनी ते वर-खाली पाहिलं, उठले, आणि चालू कूलरच्या पाठीवर नेऊन लावलं. पत्रक वाळ्याला चिकटून राहिलं. आबांनी समाधानाने मान हलवली. "ओढ चांगली आहे."

"आबा, ते वाचायचं असतं," मी म्हणाले.

"वाचलं ना. पहिल्या वळीत तू डोळे वटारतेस, शेवटच्या वळीतही वटारतेस. मध्ये माणसाले श्वास घ्यायला जागा ठेव ना वं बैन."

मी रागाने पत्रक उपटून घेतलं. ते ओलं झालं होतं. आबा हसता हसता खोकले आणि खोकता खोकता आतल्या बाजूला ओरडले, "अगं, हिले पाणी दे, ही पेटेल!" आतून त्यांची बायको, जिला सगळा बोळ अक्का म्हणायचा, तांब्या घेऊन आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लक्ष देऊ नको. तो लग्नपत्रिकाही अशीच चिकटवून पाहतो."

मग मला ती सवय लागली. धुळ्यात आले की त्या बोळात चक्कर मारायची, नवं पत्रक आबांच्या हातात द्यायचं, त्यांनी ते कूलरच्या पाठीला लावायचं आणि दोष काढायचे. "हे पडलं बघ. जड शे." खरं तर कागद जाड असायचा, पण मी घरी जाऊन मजकूर कापायचे.

आता जीपची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय आबा सांगून होणार नाहीत.

सरकारी रुग्णवाहिका काही मिळेना. तेव्हा रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने आपली जुनी डिझेल जीप संघटनेला दिली. गाडी दणकट होती आणि तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय ते मला आमच्या ड्रायव्हरने, हिरामणने, समजावलं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. रावेरच्या सपाटीवर ती जीप म्हणे वाऱ्यासारखी पळायची. आम्ही मागची बाकं काढून स्ट्रेचर बसवलं, दोन्ही दारांवर लाल रंगात फुली काढली, आणि मी 'जनतेची रुग्णवाहिका' असं भलंमोठं पत्रक काढलं.

पण डोंगरातली गावं आणि धुळ्याचं मोठं हॉस्पिटल यांच्यामध्ये एक बारी आहे. घाटाला आमच्याकडे बारी म्हणतात. ही बारी लांब नाही, पण तिचा चढ सरळ छातीवर येतो. हिवाळ्यात जीप चढली. मार्च उजाडला तशी ती निम्म्या चढावर दम टाकायला लागली. काळा धूर, ओढ नाही, तापाचा काटा लाल रेघेवर. हिरामण बॉनेटच्या फटीत डाव्या पायातली चप्पल अडकवायचा, म्हणजे थोडी हवा खेळेल, आणि एका पायाने अनवाणी गाडी चालवायचा. तरी थांबावं लागायचंच. गाडी निवेपर्यंत आत पेशंट तापायचा. एप्रिलमध्ये एक बाळंतीण अशीच चढावर अडकली. तिच्या सासूने आणि मी साडीचा आडोसा धरला होता. ती वाचली. बाळ नाही वाचलं. तिने मला काही विचारलं नाही, तिच्या सासूने फक्त विचारलं, "गाडीले काय व्हयनं?" आणि मे महिना अजून पुढे होता.

धुळ्यात एका मेकॅनिकने सांगितलं इंजिन उतरवा. दुसऱ्याने सांगितलं टर्बो काढून फेका. तिसरा म्हणाला विकून टाका. आम्हाला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. हिरामण वैतागून म्हणाला, सावलीत तरी लावू, आणि मी त्याला आबांच्या बोळात, कडुलिंबाखाली गाडी लावायला सांगितलं.

आबा खुर्चीवरून उठून आले. त्यांना मोटारीतलं काडीचंही कळत नव्हतं, पण अंदाज द्यायला ते कधीच मागे नसत. बॉनेट उघडं होतं. त्यांनी विचारलं, "हवा कथाईन येस?"

हवा कुठून येते. हा आबांचा प्रश्न होता. नवं घर बघायला गेले तर हाच, शाळेत गेले तर हाच, आमच्या एका सभेला आले तेव्हा पहिला हाच विचारला होता आणि मांडवाची एक कनात सोडायला लावली होती.

हिरामणने हवेच्या फिल्टरचा डबा दाखवला. तो टर्बोला आणि धुराच्या लोखंडी नळाला जवळजवळ चिकटून होता. आबांनी हात घातला आणि झटकन मागे ओढला. बोटं फुंकत म्हणाले, "ही तर चुलीच्या तोंडाशी बसून श्वास घेते! आणि टर्बो म्हणजे काय म्हणालास?"

"पंखा, आबा."

"पंखा?" आबांचा चेहरा उजळला. "मग सांगत का नही पहिले? पंखा म्हणजे मना धंदा." आणि माझ्याकडे वळून, "कोणती बारी म्हणतेस?"

मी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी, सुशी, बारीपलीकडच्या गावात दिली होती. तिला दोन लहान लेकरं होती. "मनी पोर तठे शे," एवढंच म्हणाले आणि पत्र्याची मापं घ्यायला लागले.

आता जे झालं ते फक्त कूलर बनवणाऱ्याच्याच डोक्यातून येऊ शकतं. आबांनी जीपला कूलर लावला. समोरच्या जाळीच्या बाजूला पत्र्याचा एक पेटारा, त्याच्या तोंडाला वाळ्याची ताटी, वर पाण्याचा कॅन, कॅनमधून थेंब थेंब पाणी वाळ्यावर, आणि पेटाऱ्यातून पत्र्याचा नळ थेट फिल्टरकडे. इंजिनाला वाळ्याची सुगंधी गार हवा! बोळातली माणसं बघायला जमली. आबांनी पत्र्यावर नाव कोरलं, तेही ठळक. हिरामणने हवेच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाला, "मायबाप, गाडीपेक्षा मीच आत बसतो."

चाचणीला पेशंट नको, मी येतो, असं आबाच म्हणाले. पुढे हिरामण आणि मी, मागे स्ट्रेचरवर आबा, भर दुपारी. साक्रीपर्यंत गाडी अशी पळाली की आबा खिडकीतून दिसेल त्या गुराख्याला सांगत होते, "कूलरची गाडी! तोताराम, धुळे!" बारी लागली. पहिलं वळण पार झालं. दुसऱ्या वळणावर गाडीने आचका दिला, मागे काळ्या धुराचा लोट सोडला आणि उभी राहिली.

हिरामणने फिल्टर काढला. आतला कागद पाण्याने फुगून भिजल्या पापडासारखा झाला होता आणि त्याच्या घड्यांत वाळ्याच्या काड्या भरल्या होत्या. कोरडी हवा आत जायला जागाच उरली नव्हती. मी बोलायच्या आधी माझ्या कानावर दुसराच आवाज आला. आबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, आणि छातीतून शिट्टी वाजत होती. इतका वेळ ते खिडकीतून डोकं काढून, पेटाऱ्यावरून मागे येणाऱ्या ओल्या वाऱ्यात बसून आले होते. मी घाबरले. हिरामणने त्यांना उचलून गाडीच्या पलीकडे, कोरड्या झळीत नेलं. हळूहळू दम खाली बसला.

बोलता यायला लागल्यावर ते बोलले नाहीत, आधी हसले. मग जीपकडे बोट करून म्हणाले, "हिले पण दमा झाला."

आणि थोड्या वेळाने, "मना गाढवपणा देख. माले ओली हवा चालत नही हे माले लहानपणापासून ठाव. मग हिले कशी चालेल? श्वास घेणारीच ना ती? मी माणसं निववतो, बैन. हिले निववायचं नही. हिले फक्त चुलीपासून उठवून दारात बसवायचं."

मला तेव्हा खरं म्हणजे रडू येत होतं. बाळंतिणी अडताहेत, अख्खा मे पुढे, सरकार ढिम्म, आणि आम्ही एका टर्बोला वाळ्याच्या पाण्याने बुडवून बसलो होतो. मी म्हणाले, "आबा, हे आपलं काम नाही. हे सरकारचं काम आहे. असं ठोकून-ठाकून आपण त्यांनाच मोकळं सोडतोय."

"खरं शे," आबा म्हणाले. "तू भांड. मी ठोकस. दोन्ही कर म्हणत नही कोणाले, आपलं आपलं करू."

दुसऱ्या खेपेला आबा जरा कमी बढाया मारत काम करत होते. त्यांनी फिल्टरच्या डब्याभोवती पत्र्याची भिंत घातली, दुहेरी, मध्ये बोटभर पोकळी, म्हणजे टर्बोची धग पलीकडेच राहील. भिंतीतून नळ काढला. तो बाजूच्या मडगार्डला भोक पाडून बाहेर आणला आणि पुढच्या काचेच्या कडेने हत्तीच्या सोंडेसारखा वर नेला, बैलगाड्यांच्या धुरळ्याच्या वर. तोंडाला जाळी आणि वर पावसासाठी छोटी टोपी. कूलरला ते सांधे डाग देऊन, कथील ओतून जोडायचे. "इथं कथील टिकायचं नही, वितळून इंजिनात जाईल," हे त्यांना हिरामणने सांगितलं, आणि आबांनी ते ऐकलं, हे विशेष. मग सगळे सांधे पत्र्यात पत्रा दुमडून, ठोकून बसवले. इंजिन हलतं म्हणून नळाच्या शेवटी ट्रकच्या ट्यूबचा रबरी तुकडा आवळला.

नाव कोरायची वेळ आली तेव्हा घोळ झाला. संघटनेत ठराव झाला होता की गाडीवर देणगीदाराचं आणि अध्यक्षांचं नाव असेल, आणखी नावं नकोत. मी आबांना सांगितलं. मला वाटलं भडकतील. भडकलेच. "अध्यक्षानं काय ठोकलं?" मग खिळा घेतला, नळाचा शेवटचा तुकडा जोडायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला कोरलं: तोताराम, धुळे.

"आत कोण वाचणार आबा?"

"हवा वाचील. आत जाता जाता."

इंजिन चालू केल्यावर त्यांनी माझ्या पिशवीतून एक पत्रक काढून सोंडेच्या जाळीला लावलं. हिरामणने ॲक्सिलरेटर दाबला. पत्रक चिकटून राहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पत्रक बरं लिहिलंस."

चमत्कार वगैरे काही झाला नाही. मी पत्रकं लिहिते, पण इथे खोटं लिहिणार नाही. गाडी उडाली नाही. काटा चढायचा, लाल रेघेच्या अलीकडे थांबायचा. पूर्वी पहिल्या गिअरमध्ये रडत थांबायची ती दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता बारी चढली. इतकंच. हिरामणच्या दोन्ही पायांत चपला आल्या. त्या मे महिन्यात आम्ही ज्यांना ज्यांना नेलं त्यांतलं कुणी चढावर अडकलं नाही. एका बाईला तर मी नेलं तेव्हा तिने वर पोचल्यावर विचारलं, "बारी कधी येईल?" तिला पार झालेली कळलीच नव्हती. मी ते आबांना सांगितलं. त्यांनी ते सगळ्या बोळाला सांगितलं, आणि प्रत्येक खेपेला बारी थोडी उंच होत गेली.

आणि मी ज्याला भीत होते तेच झालं. पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा निवेदन घेऊन गेलो तेव्हा खात्यातले साहेब म्हणाले, "तुमची जीप तर उत्तम चालते असं ऐकतो. मग घाई कसली?" उत्तम! मी तिथे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथून तडक बोळात आले आणि आबांना म्हणाले, "काढा ती सोंड. मोर्चाच्या दिवशी गाडी बारीत बंद पडू दे, सगळ्यांच्या देखत. पाहू दे त्यांना."

आबांनी पाना शोधला आणि माझ्या हातात ठेवला. "काढ. फक्त त्या दिवशी आत कोण राहील ते सांग. नाव सांग तिचं."

मी पाना ठेवून दिला. मला आजही वाटतं की माझा राग बरोबर होता; त्या रागाला बसायला आबांच्या जीपमध्ये जागा नव्हती, एवढंच.

पण आबा स्वस्थ बसले नाहीत. त्या साहेबांच्या केबिनमधला कूलर त्यांचाच होता. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला नवा वाळा भरायला ते गेले, आणि मला म्हणाले, "चल, वाळ्याची ताटी धर." मी ताटी धरून मागे उभी. वाळा बसवला, पाणी सोडलं, पंखा चालू केला. साहेबांनी डोळे मिटून चेहरा पुढे केला. आबांनी कूलर धरला, सरळ गोल फिरवला, आणि त्याची पाठ साहेबांकडे केली.

"अहो! काय करताय?"

"कूलर चालू शे ना साहेब?"

"चालू आहे, पण मला हवा कुठे लागतेय?"

"चालू शे म्हणजे झालं. आमची जीप पण चालू शे. बारीपलीकडची माणसं अशीच मागच्या बाजूला बसलेली शेतस. बसा थोडं. चालतो तर घाई कसली?"

शिपाई तोंड दाबून बाहेर पळाला. साहेब लाल झाले. मला वाटलं आता पोलीस येतील. मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "फिरवा आता." आबांनी फिरवला. साहेबांनी फाईल मागवली. सरकारी रुग्णवाहिका त्यानंतरही लगेच आली नाही; फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायला जे लागतं ते लागलंच, आणि मला आणखी कितीतरी पत्रकं लिहावी लागली. पण 'जीप चालते' हे वाक्य आम्हाला त्या कचेरीत परत कुणी ऐकवलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आबा, हे मी दहा पत्रकांत लिहू शकले नसते."

"लिहू नको पण," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक शे तो मना."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, अखाजीच्या आधी, आबा गेले. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्काने कडुलिंबाला दोर बांधून ठेवला होता सुशीसाठी. सकाळी आबा नेहमीसारखे चालू कूलरच्या पाठीशी खुर्चीत बसलेले, धाप लागली आणि या खेपेला उतरली नाही. दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं. एसटीडी बूथवरून बारीपलीकडे निरोप धाडला. हिरामण जीप घेऊन त्याच बाजूला होता; त्याने निरोप घेतला आणि सुशीला व लेकरांना घेऊन निघाला, असं कळलं.

मी पोचले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. शेड रिकामी करून आबांना जमिनीवर ठेवलं होतं. माणसं दाटलेली. कुणी म्हणालं, ऊन फार आहे, पोर येईपर्यंत थांबवणार कसं, लवकर उचलू. अक्का म्हणाली, "पोर येईल." दुसरं कुणी म्हणालं, मधे बारी आहे, अशा उन्हात गाडी किती वेळ उभी राहते काय सांगावं. अक्का पुन्हा तेवढंच म्हणाली, "येईल. ती गाडी उभी राहत नही."

शेजारच्या माणसांना काहीतरी करायचं होतं. त्यांनी नवाकोरा एक कूलर ओढत आणला, पाणी ओतलं, आणि त्याचं तोंड आबांकडे करून चालू केला. चांगल्या मनाने केलं. वाळ्याचा ओला वारा आबांच्या अंगावरून वाहायला लागला. पांढरी चादर हलायला लागली.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. कुणाला काही न बोलता माणसांतून वाट काढत कूलरपाशी आली, दोन्ही हातांनी पत्रा धरला आणि जोर लावून तो फिरवू लागली. तो जड होता. मी दुसऱ्या बाजूने हात लावला.

"अक्का, काय करता?" कुणीतरी विचारलं.

"त्याले ओली हवा चालत नही," अक्का म्हणाली. "दमा शे त्याले."

कूलर पूर्ण फिरला. गार वारा आम्हा सगळ्यांच्या तोंडावर आला, शेडबाहेर उन्हात उभ्या असलेल्यांपर्यंत गेला. आबा मागे राहिले, पत्र्याच्या पाठीशी, कोरड्यात. चादर शांत झाली. पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं नाव आता आमच्याकडे होतं.

तेवढ्यात पुलाच्या बाजूने दुसऱ्या गिअरमधल्या गाडीचा आवाज आला, आणि अक्काने दारातल्या माणसांना हाताने बाजूला सारलं. "सरका," ती म्हणाली, "पोरीले वाट द्या."